नाशिकच्या वायनऱ्या आणि स्पा: २६ जानेवारी सोडा, यादी अर्धी करा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. आर्वीहून तुम्ही, भाऊजी, दीर अन् जाऊबाई असे चौघं, २६ जानेवारीला जोडून सुट्टी येते म्हणून तीन रात्री नाशिकला जायचं, सहा वायनऱ्या पाहायच्या, मधात स्पा करायचा, येताना नातेवाइकांसाठी डझनभर बाटल्या आणायच्या आणि हे सगळं करून आराम पण झाला पाहिजे. चौघांत वाईन चाखलेला माणूस एकटा दीर. बाप्पा, यात आराम कुठं बसवायचा तेच मला समजून नाही राहिलं. मी मूळ वरुडकडचा, घरी संत्र्याचा बगीचा, हॉटेल मॅनेजमेंट करून काही वर्षं नाशिकला एका वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये काम केलं, आता गावी राहून आपल्याकडच्या लोकांच्या नाशिक-इगतपुरीच्या ट्रिपा लावून देतो. त्यामुळं दोन्हीकडचं माहीत आहे, तिथं काय असतं ते, अन् आपली माणसं तिथं जाऊन काय करतात ते.

सगळ्यात आधी तारीख. २६ जानेवारी ड्राय डे असतो. १५ ऑगस्ट तसाच, २ ऑक्टोबर तसाच. म्हणजे कॅलेंडरवर ज्या राष्ट्रीय सुट्ट्यांमुळं लाँग वीकेंड तयार होतो त्याच दिवशी वाईन मिळत नाही, वायनरीत पण नाही, रिसॉर्टच्या रेस्टॉरंटमध्ये पण नाही. फाटक उघडं असेल, टाक्या अन् बॅरल दाखवतील, फोटो काढू देतील, पण ग्लास कोरडाच. दरवर्षी त्या तारखेला कोणी ना कोणी विदर्भातून येऊन टेस्टिंग काउंटरसमोर चेहरा पाडून उभं राहते. शिवाय सुट्टीमुळं मुंबई-पुण्याची गर्दी असते ती वेगळी, खोलीचा भाव चढलेला असतो तो वेगळा. म्हणजे पैसे जास्त, माल नाही. इतर काही सण-जयंत्यांनाही ड्राय डे येऊ शकतो, मतदानाच्या आधी तर येतोच, म्हणून बुकिंगचे पैसे भरायच्या आधी रिसॉर्टला फोन करून सरळ विचारायचं की आम्ही राहतो त्या दिवसांत ड्राय डे आहे का. लाजायचं नाही, त्यांना हा प्रश्न रोज येतो.

तुम्ही दोघी जावा शाळेत आहात असं लिहिलं म्हणून सुट्टीची अडचण समजते. पण एक शुक्रवार अन् एक सोमवार रजा टाकून फेब्रुवारीतला साधा वीकेंड धरा. तोवर तूर निघालेली असते, कापूस बराचसा घरात आलेला असतो, भाऊजींनाही शेतातून पाय काढता येईल. अन् जमलंच तर गुरुवार ते रविवार सकाळ करा, शनिवार-रविवारपेक्षा गुरुवार-शुक्रवारी वायनरीत माणूस तुमच्याशी दोन शब्द बोलतो तरी. शनिवारी दुपारी गंगापूर धरणाच्या रोडवर गाड्यांची रांग लागते अन् टेस्टिंग रूममध्ये पोऱ्ये टोकन घेऊन उभे असतात.

दुसरी गोष्ट बाटल्यांची, हे जरा लक्ष देऊन वाचा. तुमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. वाईन त्यात येते, "वाईन म्हणजे काही दारू नाही" हे भाषण चेकपोस्टवर चालत नाही. नाशिकला रीतसर बिल घेऊन विकत घेतलेली बाटली तुमच्या डिक्कीत वर्धा जिल्ह्याच्या हद्दीत सापडली की दारूबंदी कायद्याखाली केस, गाडी जप्त होते ते आणखी. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, तिथल्या पाहुण्यांसाठी न्यायचा विचार असेल तर तोही सोडा. चंद्रपुरात २०१५ ला लागली होती, २०२१ ला उठली, तिथं आता अडचण नाही. तुम्ही दोघी सरकारी पगारावर, तेव्हा डझनभर बाटल्यांचा विषय इथंच संपला समजा. प्यायची ती तिथंच प्या. नातेवाइकांना मनुके न्या, नाशिकचा चिवडा न्या, द्राक्षाच्या बियांच्या तेलाचा साबण मिळतो तो न्या.

आता फेब्रुवारीच काहून म्हणतो ते सांगतो. युरोपात वाईनच्या द्राक्षाची तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबर. आपल्याकडं तसं केलं तर सगळा माल पावसात सडेल. म्हणून नाशिकला वेलीची दोनदा छाटणी करतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून नुसती काडी तयार होते, पावसाळाभर वेल हिरवीगार दिसते पण घड नसतो. मग पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ छाटणी, तिच्यातून घड येतो, हिवाळ्यात पोसतो अन् जानेवारीपासून मार्चपर्यंत तोडणी चालते. आपण संत्र्याला पाणी तोडून ताण देतो अन् बहार आपल्याला पाहिजे तेव्हा आणतो, तसंच हे, फक्त पाण्याऐवजी कात्री. पांढऱ्या वाईनची द्राक्षं आधी तोडतात, शिराझ, कॅबर्नेसारखी काळी मागून. तोडणी रात्री नाहीतर भल्या पहाटे करतात कारण माल थंड असताना आत आला तर वास टिकतो, ऊन चढलं की रस तिथंच आंबायला लागतो. त्यामुळं फेब्रुवारीत गेलात तर बागेत घड, आवारात क्रेटच्या थप्प्या, रस पिळायची प्रेस चालू, सगळीकडं कच्च्या रसाचा अन् यीस्टचा आंबूस वास, हे सगळं जिवंत पाहायला मिळते. जूनमध्ये गेलात तर नुसती पानं.

आमच्याकडचे एक काका मी नेले होते, जन्मभर संत्रा केलेला माणूस. गाइड पोरगी बॅरलबद्दल सांगत होती, हे तिकडं बांधावर. शिराझचा एक घड हातात घेऊन पाहत होते, दाणा आपल्या वाटाण्याएवढा, काळाशार, साल जाड. परवानगी घेऊन एक तोंडात टाकला, चावला, दोन बिया तळहातावर थुंकल्या, साल दातात घोळवत बसले. "गोड तं आहे बाप्पा, पन तोंड कोरडं पडून राह्यलं." पोरीला तिथंच थांबवून मी म्हटलं, काका, टॅनिन म्हणतात ते हेच, साल-बियांतला तुरटपणा. लाल वाईनमध्ये जे तोंड आवळते ते इथून येते, कारण लाल वाईन सालासकट आंबवतात, रंग पण सालातून उतरतो. पांढरीत आधीच रस पिळून साल बाजूला काढतात. खायच्या थॉमसन द्राक्षाला बी नाही, साल पातळ, म्हणून त्याची वाईन पाण्यासारखी फिकी होते. काकांनी मग एकरी माल किती, खत कोणतं, ड्रिप कोणाचं हे विचारून पोरीला पुरतं दमवलं. चांगल्या वाईनसाठी एकरी माल मुद्दाम कमी ठेवतात हे ऐकून मात्र त्यांचा विश्वासच बसेना. सांगायचं म्हणजे आपण शेतीवाले लोक, भाऊजी वाईन प्यायले नाही तरी बागेत त्यांचा तास आरामात जाईल, त्यांना टेस्टिंग रूममध्ये कोंबून बसवू नका.

जायचं कसं. आर्वीहून विरूळला समृद्धीवर चढलात की थेट सिन्नरजवळ उतरायचं अन् नाशिक. मार्ग डिसेंबर २०२२ ला शिर्डीपर्यंत सुरू झाला, २०२५ ला मुंबईच्या बाजूचा शेवटचा टप्पाही झाला. १२० ची मर्यादा आहे म्हणून कोणी पाच तास सांगतील, तुम्ही जेवण-चहा धरून सात-आठ तास धरा. टायर जुने असतील तर आधी बदला, हवा मोजून घ्या, सिमेंटचा रोड आहे, टायर तापतात. अन् सरळ रेषेत गाडी चालवून डोळ्यावर झापड येते म्हणून दर दीड-दोन तासांनी खाली उतरा. टोल एका बाजूचा हजाराच्या आसपास जाईल. मला विचाराल तर रेल्वेनं जा. पुलगाव किंवा धामणगावहून रात्री सेवाग्राम एक्सप्रेस धरली की सकाळी नाशिकरोड, झोप झालेली. विदर्भ एक्सप्रेस पण आहे पण ती अर्ध्या रात्री नाशिकरोडला टाकते अन् रिसॉर्टची खोली दुपारी मिळते, तोवर बॅगा घेऊन बसायचं कुठं. रेल्वेनं गेलं की गाडी चालवायचा प्रश्नच उरत नाही, तिथं ड्रायव्हरसकट टॅक्सी करायची दिवसाच्या भाड्यानं. स्वतःची गाडी नेली की चौघांतला एक जण उपाशी राहतो नाहीतर पिऊन चालवतो. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, दोन टेस्टिंग अन् जेवणासोबत एक ग्लास झाला की ती सहज ओलांडते, पहिल्यांदा सापडला तरी दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद.

आता सहा वायनऱ्या. नाही जी, दोन. फार झालं तर तीन, तीन दिवसांत मिळून. एक वायनरी म्हणजे टूर, टेस्टिंग, थोडं बसणं असे दोन-अडीच तास जातात. अन् टाक्या सगळीकडं स्टीलच्याच असतात, तिसऱ्या ठिकाणी तोच गाइड तेच सांगतोय असं वाटायला लागते. जाऊबाई दुसऱ्याच दिवशी म्हणतील, मी खोलीवरच बसते.

नाशिकच्या वायनऱ्या तीन दिशांना पसरल्या आहेत हे नकाशावर आधी पाहून घ्या. गंगापूर धरणाकडं सुला, यॉर्क अन् सोमा एकमेकांजवळ. दिंडोरीच्या बाजूला शांदोन आहे, ते मुख्यतः बुडबुडेवाली वाईन करतात. अन् इगतपुरी तालुक्यात सांजेगावला ग्रोव्हर झांपा, कावनईजवळ व्हॅलोने. एका दिवसात एकच दिशा धरायची. दिंडोरी अन् इगतपुरी एकाच दिवशी करणारे लोक टॅक्सीच्या काचेतून वाईन कंट्री पाहतात.

सुलाचं नाव सगळ्यांना माहीत असते म्हणून जायचंच असते, जा. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून आले, घरच्या जमिनीवर आधी आंबे, गुलाब असं काय काय करून पाहिलं, मग वाईनची द्राक्षं लावली, २००० साली पहिली वाईन बाजारात आली. नाव आईच्या सुलभा नावावरून. २००५ ला त्यांनी टेस्टिंग रूम उघडली, देशातली पहिली, अन् आज नाशिकला जे पर्यटन दिसते ते तिथून सुरू झालं. पण तिथं जत्रा असते, म्हणून शुक्रवारी सकाळी पहिल्या टूरला जा. यॉर्क शेजारीच, लहान, संध्याकाळी धरणाचं पाणी समोर दिसते. यॉर्क हे नाव योगिता, रवी, कैलास या तीन भावंडांच्या आद्याक्षरांवरून, इंग्लंडशी काही संबंध नाही, २०२१ ला ती सुलानंच विकत घेतली. माझी स्वतःची आवड विचाराल तर व्हॅलोने. मुकणे धरणाच्या काठावर, छोटीशी, राहायला मोजक्या खोल्या, गर्दी नाही, वाईन बनवणारे लोक स्वतः भेटतात कधी कधी. तुम्हाला आराम पाहिजे म्हणता ना, मग तिकडं. फक्त आधी फोन करून जायचं, सगळीकडंच, पण लहान ठिकाणी जास्तच.

टेस्टिंगला काय होते ते जाऊबाईंना आधी सांगून ठेवा म्हणजे घाबरणार नाहीत. चार ते सहा वाईन, प्रत्येकीचा घोटभर, ग्लासाच्या बुडाशी राहील एवढा. आधी बुडबुडेवाली, मग पांढरी, मग रोझे म्हणजे गुलाबी, मग लाल, शेवटी गोड. ग्लास दांडीला धरायचा म्हणजे हाताच्या उबेनं वाईन तापत नाही. फिरवायचा, वास घ्यायचा, तोंडात घोळवायचा. नाही आवडली तर काउंटरवर एक भांडं ठेवलेलं असते, त्यात ओतून द्यायची, थुंकली तरी चालते, कोणी वाईट समजत नाही, उलट आम्हा लोकांना दिवसभर चाखावं लागायचं तेव्हा आम्ही तेच करायचो. आपल्याकडं ताटात टाकायचं नसते म्हणून लोक सगळं गिळतात अन् पाचव्या वाईनला डोकं गरगरते. वास कशाचा येतो म्हणून गाइड विचारेल, तिथं पुस्तकातली उत्तरं द्यायची गरज नाही. सोव्हिन्यो ब्लां या पांढऱ्या वाईनचा वास घेऊन एका काकूंनी "सांबार अन् हिरवी मिरची" म्हटलं होतं, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, ते शंभर टक्के बरोबर उत्तर होतं, त्या द्राक्षाचा वास तसाच हिरवट असतो.

अन् हिशोब लक्षात ठेवा. वाईनमध्ये अल्कोहोल साधारण १२ ते १४ टक्के. १५० मिलीचा एक ग्लास म्हणजे अंदाजे ४५ मिली व्हिस्कीएवढं पोटात गेलं. गोड लागते, थंड असते म्हणून सरबतासारखी जाते अन् मग उठताना समजते. प्रत्येक वाईनमागं अर्धा ग्लास पाणी, अन् उपाशीपोटी टेस्टिंग कधीच नाही. वय २१ च्या वर लागते, पोरं सोबत नेणार असाल तर त्यांना टेस्टिंग मिळणार नाही. बीपी-शुगरच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. अन् ज्याला प्यायची नाही त्याला आग्रह नाही, आपला आग्रह श्रीखंडापुरता ठेवा.

जेवणासोबत कोणती घ्यायची हे दीर विचारतीलच. आपली माणसं तिथंही तिखट मटण मागवतात अन् रुबाबात लाल वाईन मागवतात, मग म्हणतात तोंड जळते. जळणारच, लाल वाईनचं टॅनिन अन् मिरची एकमेकांना चढवतात. तिखटासोबत हलकी गोडसर पांढरी शेनिन ब्लां किंवा रोझे, चांगली थंड करून. मसालेदार रश्शाला तीच लागू पडते. शिराझ घ्यायची तर कमी तिखट, भाजलेल्या मटणासोबत किंवा चीजसोबत.

आता स्पा, कारण तुमच्या प्रश्नात खरा आराम तिथं आहे अन् लोक नेमकं तेच शेवटी बुक करतात. खोली मिळते, स्पाचा स्लॉट मिळत नाही. रिसॉर्टमध्ये खोल्या पन्नास असल्या तरी मसाज करणारी माणसं चार-पाच असतात, शनिवारी दुपारचे स्लॉट आठ-दहा दिवस आधीच जातात. म्हणून खोली बुक करतानाच त्याच फोनवर चौघांचे स्लॉट लिहून घ्यायचे, अन् नावासकट कन्फर्मेशन मागायचं.

क्रम महत्त्वाचा. स्पा आधी, वाईन नंतर. सकाळी वाईन अन् दुपारी मसाज-स्टीम असं कधीच लावू नका. वाईननं रक्तवाहिन्या सैल पडतात, अंगातलं पाणी कमी होते, त्यावर स्टीमच्या खोलीत दहा मिनिटं बसलं की बीपी खाली येते अन् उठताना डोळ्यापुढं अंधारी. ज्या ठिकाणी मी काम केलं तिथं एक गृहस्थ स्टीममधून बाहेर येऊन तिथंच फरशीवर बसले होते, दुपारच्या जेवणासोबत अर्धी बाटली झाली होती अन् कोणी विचारलंच नव्हतं. चांगला स्पा आधी फॉर्म भरून घेतो, बीपी, शुगर, ऑपरेशन, पाठीचं दुखणं, गरोदरपण सगळं विचारतो. विचारलं नाही तर तुम्ही स्वतः सांगा. मसाजच्या आधी दोन तास पोटभर जेवण नको, नंतर तासभर नुसतं पडून राहायचं, त्या तासात काही ठरवू नका, तिथंच ट्रिपचे पैसे वसूल होतात.

घ्यायचं काय. पहिल्यांदा करणाऱ्यांनी अभ्यंग घ्यावं, तेल आपल्या ओळखीचं, दाब मध्यम. स्वीडिश पण हलकाच असतो. डीप टिश्यू ऐकायला भारी वाटते पण त्यात कोपरानं दाबतात, सवय नसली तर दुसऱ्या दिवशी अंग ठणकते. भाऊजी ट्रॅक्टर चालवत असतील, कंबर आखडलेली असेल, तरी सुरुवात अभ्यंगानंच. शिरोधारा म्हणजे कपाळावर कोमट तेलाची धार, झोप लागते माणसाला, पण केसांत तेल मुरते अन् ते धुवायला वेळ लागतो, म्हणून ते दिवसाच्या शेवटी घ्या. वाईन स्पा म्हणून काही ठिकाणी द्राक्षाच्या बियांचा स्क्रब, लाल वाईनचा लेप असं देतात. फ्रान्सच्या बोर्दोकडून आलेली पद्धत आहे. अंग मऊ होते, वास छान, मजा म्हणून एकदा करा, पण वय दहा वर्षांनी कमी होईल म्हणून जास्तीचे पैसे देऊ नका. स्क्रब तो स्क्रबच, आपल्या आज्या डाळीच्या पिठानं करायच्या.

आता बायकांच्या मनातला प्रश्न, जो फोनवर कोणी विचारत नाही. बाईला बाईच मसाज करते का? बहुतेक ठिकाणी हो, पण बुकिंगच्या वेळी स्पष्ट सांगायचं, "आम्हा दोघींना लेडी थेरपिस्टच पाहिजे." कपडे? वापरून फेकायची अंतर्वस्त्रं देतात, अंगावर सतत चादर असते, जेवढा भाग चालू तेवढाच उघडा. ते पण नको वाटलं तर नुसतं पायाचं, डोक्याचं, खांद्याचं घ्या, कपडे न काढता होते. माझ्या एका ग्रुपमधल्या मावशी, साठीच्या, नऊवारी नेसणाऱ्या, दारात अडून बसल्या होत्या की मी अशी पोरीसमोर झोपणार नाही. ती थेरपिस्ट पोरगी हुशार, तिनं खुर्ची आणली, पितळी घंगाळात कोमट पाणी, त्यात मीठ अन् लिंबाची फोड, मावशींचे पाय त्यात ठेवले अन् खाली बसून टाचांच्या भेगांवर अंगठा फिरवायला लागली. मावशी आधी संकोचून पाय मागं घेत होत्या, "माह्या पायाले हात नको लावू वं बाई." दहा मिनिटांनी मान एका बाजूला कललेली, पदर तोंडावर, घोरणं चालू. जन्मभर दुसऱ्यांचे पाय दाबलेली बाई, तिच्या पायाला पहिल्यांदा कोणी हात लावला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीच विचारत होत्या, आज किती वाजता आहे म्हणून.

तासाभराच्या मसाजला रिसॉर्टमध्ये साधारण दोन ते चार हजार माणशी धरा. टॅक्स धरून किती, स्टीम त्यात आहे का वेगळी, हे आधी विचारा. वाईनचं टेस्टिंग त्यामानानं स्वस्तच असते. खर्च कमी करायचा तर वायनरी कमी करा, स्पा कमी करू नका. अन् ज्यांना वाईनपेक्षा प्रकृतीचंच बघायचं आहे त्यांच्यासाठी त्र्यंबक रोडला विवेदासारखी वेलनेसची ठिकाणं आहेत, निसर्गोपचार, आयुर्वेद, योग असं तिथलं वातावरण. तिथं राहून रोज वायनरीच्या चकरा मारायच्या नसतात, दोन्हीतलं एक धरा.

दिवस साधारण असे बसवा. गुरुवारी सकाळी नाशिकरोडला उतरा, मिसळ खा, गंगापूरच्या बाजूला खोली घ्या, दुपारी झोपा, संध्याकाळी धरणावर जाऊन या, बस, पहिल्या दिवशी यापेक्षा काही नाही. शुक्रवारी सकाळी सुलाची पहिली टूर अन् टेस्टिंग, तिथंच जेवण, दुपारी आराम, वाटलं तर सूर्य कलताना यॉर्कला एक ग्लास. शनिवारी, जेव्हा मुंबई गंगापूरला येते तेव्हा, तुम्ही सकाळचा नाश्ता हलका करून स्पाचे स्लॉट घ्या, चौघं एकाच वेळी शक्य नसेल तर दोन-दोन. अकरा-बारापर्यंत मोकळं व्हा, पडून राहा, संध्याकाळी रिसॉर्टमध्येच जेवणासोबत एक बाटली चौघांत. इगतपुरीला व्हॅलोने धरायचं असेल तर शुक्रवारी रात्रीपासून मुक्कामच तिकडं हलवा, जाऊन-येऊन करू नका. स्वेटर न्या, नाशिकची हिवाळ्याची रात्र चांगली गार असते, निफाडचं तापमान तुम्ही बातम्यांत ऐकत असालच. स्पाला जुने कपडे घालून जा, तेलाचे डाग निघत नाहीत.

अन् फेब्रुवारी जमलाच नाही तर १५ ऑगस्टच्या आसपासचा एखादा वीकेंड इगतपुरीला धरा, नेमका पंधराचा दिवस सोडून. द्राक्ष नसते, पण ढग खोलीत येतात, अन् नुसता स्पा करून झोपायचं असेल तर त्याहून चांगला काळ नाही. २०२७ मात्र टाळा, सिंहस्थ कुंभमेळा आहे, त्या ऑगस्ट-सप्टेंबरात नाशिक-त्र्यंबकला खोलीही मिळणार नाही अन् रोडही.

शेवटचं, कारण हे तुम्ही लिहिलं नाही तरी घरातून निघणारच: "नाशिकले चाललेच आहा तं शिर्डी करून घ्या, त्र्यंबक करून घ्या, शनिशिंगणापूर पण जवळच आहे." सासूबाई म्हणतील, नाही म्हणता येणार नाही. गाडीनं गेलात तर शिर्डी समृद्धीवरच आहे, ती जाताना करा, येताना नाही. सकाळी दर्शन, प्रसाद, अन् मग पुढं नाशिक. त्र्यंबक पाहिजेच असेल तर एक सकाळ वेगळी ठेवा, त्या दिवशी वाईनही नको, स्पाही नको, कारण रांग किती तासांची लागेल ते कोणाच्या हातात नसते. शनिशिंगणापूर या ट्रिपमध्ये नाही, ते पुढच्या वेळी सासूबाईंनाच घेऊन करा. अन् तारीख नक्की झाली की मला फोन करायच्या आधी ते लेडी थेरपिस्टचे दोन स्लॉट तेवढे पक्के करून टाका.